पाण्याची पाळी

फौजेत पोस्टिंग दोन प्रकारची. एक फील्ड, दुसरी पीस. ‘पीस मिळाली’ म्हटलं की घरच्यांना वाटतं, पोरगं आता शांत जागी गेलं. प्रत्यक्षात पीसमध्ये शांतता सोडून सगळं असतं. सकाळची परेड, इन्स्पेक्शन, फटीग, कुणाच्या तरी निरोप समारंभाच्या खुर्च्या लावा, मग त्याच खुर्च्या उचला. चेन्नई ही माझी तिसरी पीस पोस्टिंग. खरी शांत म्हणावी अशी जागा मला या मुलखात दिसली ती कुंभकोणमला लागून असलेल्या मेलकावेरीत, १६ जानेवारीला, दोन दिवसांच्या कॅज्युअल सुट्टीत. शांतता बघायला मात्र गेलो नव्हतो. दोस्ताचं काम होतं.

हा दोस्त जबलपूरच्या सिग्नल ट्रेनिंगपासूनचा. माझ्या एक बॅच पुढचा. दोघंही हवालदार. सध्या तो वरती फील्डमध्ये आहे, कुठे ते लिहीत नाही. हवालदाराची नोकरी चोवीस वर्षांची, आणि बोर्डाने पास केलं तर वर दोन वर्षं मुदतवाढ. त्यासाठी आधी लिहून द्यावं लागतं, विलिंग की अनविलिंग. त्याचा फॉर्म ३१ जानेवारीला द्यायचा होता. माझा पुढच्या वर्षी येईल, त्यामुळे मलाही या प्रकरणात जरा जास्तच रस.

डिसेंबरात त्याचा फोन आला. म्हणाला, “अप्पांना विचारलं की म्हणतात, सगळं चांगलं आहे. चोवीस वर्षं सगळं चांगलंच आहे रे. पाऊस नाही आला तरी चांगलं, वादळ झालं तरी चांगलं. तू शेतकऱ्याच्या घरचा आहेस. तू जाऊन शेत बघ, अप्पांना बघ, आणि मला सांग. मग मी सही करतो.”

शेतकऱ्याच्या घरचा खरा, पण माण तालुक्यातल्या. नेहमीच्या वाचकांना आमचा माण ठाऊक आहे. सह्याद्रीवर पडणारा पाऊस महाबळेश्वर, सातारा भिजवून संपतो आणि आमच्यापर्यंत नुसता वारा येतो. २०१९ च्या उन्हाळ्यात आमची जनावरं चारा छावणीत होती आणि माणसं टँकरच्या रांगेत. अशा माणसाने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातली भातशेती तपासायची म्हणजे उपाशी माणसाला पंगतीतल्या जेवणाची चव विचारण्यासारखं.

१५ जानेवारीला आर्मी डे. तो उरकला आणि रात्री एग्मोरहून उळवन एक्सप्रेस पकडली. उळवन म्हणजे नांगरणारा, शेतकरी. पोंगलसाठी गावी जाणारी गर्दी आधीच जाऊन पोचली होती, त्यामुळे बर्थ मिळाला. पहाटे कुंभकोणम.

गाव कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेलं आहे. मेलकावेरी हा कावेरीकडचा भाग. तमिळमध्ये ‘मेल’ म्हणजे वर, आणि ‘मेल’ म्हणजेच पश्चिम. ‘कीळ’ म्हणजे खाली, आणि तेच पूर्व. डोंगर पश्चिमेला, समुद्र पूर्वेला, पाणी एकाच दिशेने जातं, मग दोन दिशांना वेगळे शब्द कशाला लागतात? मला हे फार आवडलं. नकाशा वाचायला शिकवताना उस्ताद आम्हाला आधी उत्तर शोधायला लावायचे. इथल्या माणसाला उत्तर शोधावी लागत नाही, पाणी कुठून आलं ते कळलं की पुरे.

दोस्ताचं घर एका बोळात. दारात आदल्या दिवशीची रांगोळी थोडी पुसलेली, गोठ्यात एकच गाय, तिची शिंगं निळी रंगवलेली. मट्टू पोंगल झाला होता, म्हणजे आपला बेंदूर. त्या दिवशीचा सण काणुम पोंगल. ‘काणुम’ म्हणजे बघण्याचा. लोक नातेवाइकांना बघायला जातात, नदीवर जातात. माझं कामही बघायचंच होतं, तेव्हा मुहूर्त बरा लागला.

अप्पांचं वय सत्तरीपुढचं. उंच, वाळलेले, कमरेला पांढरी वेष्टी, खांद्यावर टॉवेल. मला म्हणाले, “वांगो तंबी,” आणि पितळी डवऱ्यात कॉफी पुढे केली. माझं तमिळ बाजारापुरतं, अप्पांचं हिंदी शून्य. दोस्ताने यावर उपाय करून ठेवला होता. शेजारच्या गल्लीतले एक निवृत्त शिक्षक आले. सगळे त्यांना ‘सार’ म्हणतात. त्यांनी मला विचारलं, “तुम्ही कुठलं गाव?” मराठीत! चाल तमिळ, हेल तमिळ, मधले निम्मे शब्द तमिळ, पण वाक्याचं हाड मराठी. तंजावरी मराठी ऐकून होतो, समोर बसून पहिल्यांदाच ऐकली. घरात आम्ही हीच बोलतो, म्हणाले. महाराष्ट्रात ते आयुष्यात एकदाच गेलेत, पंढरपूरला.

आम्ही तिघं निघालो. अप्पा पुढे, मग मी, मागे सार छत्री घेऊन. वस्ती संपेपर्यंत मशिदीचा भोंगा, एका देवळातलं नादस्वर आणि कुणाच्या तरी टीव्हीवरचं पोंगलचं सिनेमाचं गाणं एकमेकांत मिसळून ऐकू येत होतं. मग कावेरीचा बांध लागला आणि आवाज एकेक करून मागे राहिले. एका अंगाला बांबूची बेटं आणि नारळ, दुसऱ्या अंगाला नदी. पाणी फार नव्हतं, वाळूच्या पट्ट्यांमधून दोन-तीन धारांनी चाललं होतं. बगळे गुडघाभर पाण्यात उभे. सरळ वर, म्हणजे पश्चिमेला, आम्ही चाललो होतो.

तासाभराच्या त्या वाटेत मला एक गोष्ट खटकत होती आणि काय ते कळत नव्हतं. मग कळलं. दगड नव्हता. एकही नाही. सगळी नदीने आणून टाकलेली माती. आमच्याकडे पेरणीआधी दगड वेचणं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं काम आहे, बांध म्हणजेच वेचलेल्या दगडांची रांग. इथे बांधसुद्धा मातीचा. सारांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, म्हणूनच तर राजराजाने तंजावरचं मोठं देऊळ बांधलं तेव्हा सगळा ग्रॅनाइट लांबून ओढून आणावा लागला. आणि त्या एवढ्या कष्टाच्या दगडावर तुम्ही लोकांनी आपली कुळकथा कोरून ठेवली! ‘तुम्ही लोक’ म्हणजे भोसले. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली त्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा सगळा इतिहास मराठीत खोदवला. मी तो तंजावरला गेलो तेव्हा बघितलाय. पन्नास-साठ ओळी वाचेपर्यंत मान दुखते, आणि भिंत संपत नाही.

व्यंकोजीराजांची गोष्ट सारांनी त्यांच्या पद्धतीने सांगितली. विजापूरच्या आदिलशहाने त्यांना इकडे पाठवलं ते तंजावरच्या नायकाला त्याची गादी परत मिळवून द्यायला. काम झालं. पण व्यंकोजी परत गेले नाहीत, १६७६ च्या सुमाराला स्वतःच गादीवर बसले. मी म्हटलं, म्हणजे टेंपररी ड्यूटीवर आले आणि पर्मनंट झाले. सारांना हे इतकं आवडलं की त्यांनी थांबून अप्पांना तमिळमध्ये समजावलं. अप्पा हसले नाहीत. हाताने शेताकडे दाखवून एक वाक्य बोलले. सारांनी भाषांतर केलं : “हे बघितल्यावर कोण परत जाईल?”

आता शेत. डावीकडे उतरलो आणि समोर पिवळं. सांबा भात कापणीला आलेलं, काही वावरं कापलेली, काहींत कंबाइन हार्वेस्टर उभा. अप्पांच्या पिकात वाकून बघितलं. लोंब्या भरलेल्या, वजनाने लवलेल्या, पण खाली बुडाशी काहीतरी हिरवं उगवलेलं दिसलं. मला वाटलं तण. अप्पा खाली बसले, दोन बोटांनी एक रोप बाजूला करून दाखवलं. उडीद. भात उभं असतानाच, कापणीच्या आठवडाभर आधी, ओल्या चिखलात उडीद नाहीतर मूग फोकून टाकतात. भात कापलं जातं, उडीद वर येतो, आणि नंतर पाणी द्यायचं नाही. मातीतली ओल आणि पहाटेचं दव यावर अडीच महिन्यांत पीक हाताशी. हे मला लगेच पटलं, कारण आमचा शाळू असाच येतो. परतीच्या पावसाची ओल जमिनीत धरायची आणि थंडीभर त्यावर ज्वारी काढायची. एवढ्या पाण्याच्या मुलखातसुद्धा शेवटचा थेंब वाया न घालवणारी माणसं आहेत, आणि आम्हीच तेवढे काटकसरी अशी आमची समजूत.

पलीकडे पानमळा होता, कुंभकोणमचं विड्याचं पान. वेल हादग्याच्या झाडांवर चढवलेले, आत शिरलं की गारवा. तिथे जरा बसलो. अप्पांनी गुडघा चोळला. मी ते पाहिलं हे त्यांनीही पाहिलं.

अप्पांची जमीन तीन एकर, हे दोस्ताने सांगितलं होतं. मी पावलांनी मापलं, सवयच आहे. जे त्यांनी ‘आपलं’ म्हणून दाखवलं ते जेमतेम एक एकर भरलं. बाकीचं? सारांनी विचारलं. अप्पांनी टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. दोन एकर खंडाने दिलंय. तीन वर्षं झाली.

शेताच्या वरच्या अंगाला पाण्याचा चर होता, आणि चरावर लोखंडी दार, हातभर रुंद. चाक फिरवून वर करायचं. अप्पा मला मुद्दाम तिथे घेऊन गेले, कारण खरं शेत तिथेच होतं. या सपाट मुलखात उतार इतका कमी की वीतभर फरकावर कुणाचं शेत भिजणार आणि कुणाचं कोरडं राहणार ते ठरतं. चरातून कोणाला कधी पाणी, हे पाळीने. वरच्याने दार वेळेवर टाकलं नाही तर खालच्याची पाळी बुडते. म्हणून प्रत्येक जण आपल्या पाळीला स्वतः येऊन उभा राहतो, रात्री दोन वाजता असली तरी. खाली पसरलेली ती हिरवी-पिवळी शांतता जिच्याकडे मी तासभर बघत आलो होतो, ती अशी पहारा बदलल्यासारखी चालते. गार्ड ड्यूटीचा रोस्टर आणि हे, काही फरक नाही. फक्त इथे गार्ड कमांडर नाही, म्हणून भांडणं जास्त.

या छोट्या दाराच्या वर आणखी एक दार, त्याच्या वर कल्लणै, म्हणजे करिकाल चोळाच्या नावाचा बंधारा, आणि सगळ्यांच्या वर मेट्टूर धरण, १९३४ साली पुरं झालेलं. मेट्टूर दरवर्षी १२ जूनला उघडायचा रिवाज आहे, कुरुवै भातासाठी. पाणी नसलं तर तारीख पुढे जाते, आणि मग इथल्या माणसाचं वर्ष पुढे जातं. पाणी कमी का, तर वर कर्नाटकात कमी सोडलं. तिथल्या शेतकऱ्याला विचारलं तर तो सांगणार, पाऊसच कमी. १९९० मध्ये लवाद नेमला, १९९१ मध्ये त्याच्या अंतरिम आदेशावरून बंगळूरला दंगल पेटली, २००७ मध्ये अंतिम निवाडा, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने कर्नाटकाने तमिळनाडूला सोडायचं पाणी १७७.२५ टीएमसी ठरवलं. अप्पांना हा आकडा पाठ आहे. पॉइंट दोन पाचसकट.

आणि मेट्टूरच्याही वर कोडगू, जिथे कावेरी उगम पावते. आदल्या दिवशीच आम्ही ज्यांची आठवण म्हणून परेड केली ते करिअप्पा कोडगूचे. १५ जानेवारी १९४९ ला त्यांनी सेनेची सूत्रं घेतली. जनरल थिमय्याही तिथलेच. त्यांच्याबद्दल आमच्या पोरांना कोरिया आणि झोजिला माहीत असतं, शेवट माहीत नसतो. १९६१ ला लष्करप्रमुखपदावरून निवृत्त झाल्यावर १९६४ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख म्हणून सायप्रसला पाठवलं, भूमध्य समुद्रातलं बेट, ग्रीक आणि तुर्की वस्त्या एकमेकांच्या जिवावर उठलेल्या. तिथेच १८ डिसेंबर १९६५ ला हृदयविकाराने गेले. त्या देशाने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. शांतिसेना अजून तिथेच आहे, आणि दोन्ही बाजूंच्या मधल्या पट्ट्यात शेतकरी परवानगी काढून शेती करतात. म्हणजे वर सगळे करार, ठराव, निळ्या टोप्या. आणि खाली शेवटी प्रश्न हाच, की कुणाचा ट्रॅक्टर कुठल्या बांधापर्यंत जाणार. कावेरीच्या उगमाकडच्या माणसाला हे कुणी नव्याने शिकवायला लागलं नसेल.

हे मी सारांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मग, मी फारच गोड बोलतोय असं वाटलं असावं, म्हणून त्यांनी मला कीळवेणमणी सांगितलं. याच पाण्यावरचं, खालच्या अंगाला नागपट्टिणमकडचं खेडं. २५ डिसेंबर १९६८. शेतमजुरांनी मजुरीचं भात थोडं वाढवून मागितलं म्हणून ४४ दलित माणसं, बहुतेक बाया आणि पोरं, झोपडीत कोंडून जाळली. सार तेव्हा शाळेत होते. म्हणाले, “इथं शांत आहे म्हणून लिहा. पण तेवढंच लिहू नका.” म्हणून लिहिलं.

मी दाराचं चाक फिरवून बघितलं. गंजलेलं, दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा हललं. सत्तरीच्या माणसाने हे रात्री दोनला कसं उघडायचं? मी विचारलं नाही, पण अप्पांनी ओळखलं आणि सारांशी बराच वेळ बोलले. मध्ये हसले. चराकडे बोट दाखवलं, मग कमरेकडे, मग हाताने ‘काही नाही’ अशी खूण केली. सार गप्प झाले. मग म्हणाले, “कार्तिकात रात्री पाळीला आले होते. पाय घसरला, चरात पडले. पलीकडच्या शेतातल्या माणसाने टॉर्च बघितली म्हणून काढलं. आता म्हणतात, हे याला सांगू नकोस.”

“मला?”

“तुम्हाला. म्हणजे मुलाला.” थोडं थांबून पुढे म्हणाले, “मी तमिळमध्ये नाही म्हटलंय. मराठीत काही म्हटलं नाही.”

परत येताना मी पुढे होतो. अप्पा मागे पडत होते आणि सार त्यांच्यासाठी चालणं कमी करत होते. मला माझ्या वडिलांची आठवण झाली, त्याबद्दल इथे लिहीत नाही. सिग्नलवाल्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. संदेश तुझा नाही. तू त्यात भर घालायची नाही, त्यातलं गाळायचं नाही. लिहून घे, वाचून दाखव, पुढे पाठव. पण इथे संदेश पाठवणाराच म्हणत होता, पाठवू नको, आणि ज्याला हवा होता त्याने मला त्यासाठीच धाडलं होतं.

शेवटी बांधावर एका उंबराखाली मी थांबलो आणि सारांना म्हटलं, अप्पांना सरळ विचारा. मुलाने यावं का?

अप्पांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. नदीकडे बघत बोलले, आणि या वेळी सारांनी एकेक वाक्य थांबवून सांगितलं, शाळेत डिक्टेशन देतात तसं. “दोन वर्षं मिळतात तर घे म्हणावं. पेन्शन वाढेल. माझ्यासाठी येऊ नको. मी आज आहे. शेतीसाठी यायचं असेल तर केव्हाही ये. पण आलास तर खंडाची जमीन सोडवून घ्यावी लागेल, ज्याने घेतलीय त्याला दोन पोरं आहेत, त्याच्याशी नीट बोलावं लागेल. भातात पैसा नाही. सरकारी खरेदी केंद्रावर भात टाकलं की ओल सतरा टक्क्यांच्या वर आहे म्हणून थांबवतात, तोवर पाऊस येतो. हे सगळं माहीत असू दे.” मग पुन्हा काहीतरी. सार हसले. “आणि चाकाला ग्रीस लाव, म्हणतात. ते काम माझ्याने होत नाही.”

दुपारी सारांच्या घरी जेवलो. पानात डांगर आलं, उडदाच्या पिठाचं, ताकातलं, फोडणी घातलेलं. ते डांगर पच्चडी म्हणतात. माझी आई नुसतं डांगर म्हणते. सारांच्या मिसेसना ते सांगितलं तर त्यांनी आणखी दोन पळ्या वाढल्या आणि आईचं डांगर पातळ असतं की घट्ट, एवढंच विचारलं.

संध्याकाळी नदीच्या पायऱ्यांवर बसून फोन लावला. रेंज त्याच्याकडे येत-जात होती. मी रिपोर्ट दिला, क्रमाने. तीन एकरांतलं एक स्वतः करतात, दोन खंडाने, तीन वर्षांपासून. पीक चांगलं, उडीद पेरलाय. गुडघा धरलाय, जाताना पुढे होते, येताना मागे. अप्पांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, एकेक वाक्य. मग चरात पडले ते. तेही सांगितलं, आणि हे सांगू नको म्हणाले होते हेही सांगितलं.

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मला वाटलं लाइन गेली. मग त्याने विचारलं, “आता रात्रीच्या पाळीला कोण जातं?”

मी म्हटलं, “तेच जातात.”

३० तारखेला त्याचा मेसेज आला. ‘अनविलिंग.’ खाली दुसरी ओळ होती : कंबाइनवाल्या पोराला आजच ग्रीस लावायला सांगितलंय.